एअर पॉट की साधी कुंडी? गांजाच्या व्हिडिओंतून आलेली कुंडी लोहाऱ्याच्या उन्हात किती कामाची?

फणसाच्या सालीसारखी टोकेरी, सगळीकडून भोकं असलेली काळी कुंडी. नाहीतर जाड कापडाची, पिशवीसारखी दिसणारी कुंडी. बागकामाचे रील्स बघणाऱ्यांच्या फीडमध्ये या दोन्ही हमखास येतात. यांना 'एअर प्रुनिंग' कुंड्या म्हणतात. साध्या कुंडीपेक्षा यात रोप जोमानं वाढतं, मुळं गुंडाळत नाहीत, उत्पन्न जास्त मिळतं, असा दावा केला जातो.

यातल्या बऱ्याच इंग्रजी व्हिडिओंमध्ये कुंडीत लावलेलं रोप टोमॅटोचं किंवा गुलाबाचं नसतं, ते गांजाचं असतं. त्यामुळे दोन प्रश्न उभे राहतात. भारतात असं रोप लावलं तर काय होतं? आणि गांजा बाजूला ठेवला, तर ही महागडी कुंडी यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या ठिकाणी, ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या उन्हात खरंच उपयोगाची आहे का?

थोडक्यात उत्तर असं: पहिल्या प्रश्नात कुंडी कोणती याला काहीच अर्थ नाही, कायदा रोप बघतो. दुसऱ्या प्रश्नात मात्र कुंडीला मोठा अर्थ आहे. पण तो चार महिने जगणाऱ्या रोपासाठी कमी आणि चाळीस वर्षं जगणाऱ्या झाडासाठी जास्त आहे.

गांजाच्या व्हिडिओंमध्ये कुंडीची एवढी चर्चा का?

याचं कारण शेतीत कमी आणि कायद्यात जास्त सापडतं. कॅनडानं ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार एका घरात चार रोपं लावता येतात. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी तीन रोपं लावायची मुभा मिळाली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतही घरगुती लागवडीला रोपांच्या संख्येची मर्यादा आहे.

कायदा वजन न मोजता रोपं मोजायला लागला, की लोक प्रत्येक रोपातून जास्तीत जास्त काढायच्या मागे लागतात. मग माती, दिवे, खत आणि कुंडी या प्रत्येक गोष्टीवर तासभराचे व्हिडिओ बनतात. विक्रेत्यांनाही मोठा बाजार मिळतो. आपल्या मोबाईलवर येतो तो याच बाजाराचा प्रचार.

थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, तेव्हा आशियातही हे लोण आलं. जून २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं पुन्हा लगाम खेचला आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंदी आणली. मधल्या काळात बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर 'हायड्रोपोनिक गांजा' पकडल्याच्या बातम्या वारंवार आल्या. हायड्रोपोनिक म्हणजे मातीशिवाय, पाण्यातून अन्नद्रव्यं देऊन वाढवलेलं रोप.

भारतात कुंडीतलं एक रोप चालतं का?

नाही. १९८५ चा एनडीपीएस कायदा म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा. त्याच्या कलम ८ नुसार गांजाच्या कोणत्याही झाडाची लागवड करायला मनाई आहे. कलम २० मध्ये शिक्षा सांगितली आहे: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

सोशल मीडियावर यासंबंधी तीन गैरसमज नेहमी दिसतात.

पहिला गैरसमज: 'थोडंसं असेल तर चालतं.' गांजा जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात कायदा कमी, मधलं आणि व्यावसायिक असं प्रमाण मानतो. एक किलोपर्यंत कमी आणि वीस किलोपासून पुढे व्यावसायिक. त्यानुसार शिक्षा बदलते. पण लागवडीच्या गुन्ह्यात अशा पायऱ्याच नाहीत. गच्चीवरची एक कुंडी आणि शेतातली रांग, दोन्ही त्याच कलमात बसतात. शिक्षा किती द्यायची, हे न्यायालय ठरवतं.

दुसरा गैरसमज: 'भांग चालते, मग झाडही चालतं.' कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुला-फळांचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. भांगेचा मुद्दा इथून येतो. पण लागवडीची मनाई पूर्ण झाडाला आहे. 'मी फक्त पानांसाठी लावलं' असं म्हणून सुटका होत नाही.

तिसरा गैरसमज: 'माझ्या शेतात दुसऱ्यानं लावलं, माझा काय संबंध?' कलम ४६ नुसार आपल्या जमिनीत अशी लागवड असेल तर लगेच कळवणं ही जमीनधारकाची जबाबदारी आहे. माहीत असून गप्प बसणं हाही गुन्हा आहे. कलम ४७ मध्ये सरपंच आणि गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांवरही माहिती देण्याची जबाबदारी टाकलेली आहे. शेत बटईनं किंवा ठेक्यानं देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. कारण महाराष्ट्रात पकडली जाणारी गांजाची लागवड बहुतेक वेळा कुंडीत नसते. ती तूर, कपाशी, ऊस यांसारख्या उंच पिकांच्या आडोशानं केलेली असते. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, पोलिसांनी अशी शेती अनेकदा उद्ध्वस्त केली आहे.

कुंडी विकत घेणं मात्र गुन्हा नाही. एअर पॉट असो की कापडी पिशवी, ती कोणत्याही रोपासाठी वापरता येते. आणि मुळात ती गांजासाठी बनलेलीच नव्हती.

मुळांची 'हवेतली छाटणी' म्हणजे काय?

साध्या प्लास्टिकच्या कुंडीत मूळ वाढत वाढत भिंतीला जाऊन धडकतं. भिंत गुळगुळीत आणि बंद असते. मूळ वळतं आणि भिंतीला धरून गोल फिरायला लागतं. काही महिन्यांनी रोप कुंडीतून उपसलं की मातीऐवजी मुळांचा वेटोळा हातात येतो.

एअर प्रुनिंग कुंडीत भिंतीला भोकं असतात किंवा भिंतच हवा खेळेल अशा कापडाची असते. मुळाचं टोक भोकापाशी आलं की त्याला कोरडी हवा लागते. टोक सुकतं आणि तिथंच थांबतं. मग मागच्या बाजूनं त्याच मुळाला नवे फाटे फुटतात. ते फाटे भिंतीपाशी पोहोचले की पुन्हा तेच होतं.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही. तुरीचे शेंडे खुडले की झाड वर पळायचं थांबतं आणि बाजूनं फांद्या फुटतात. शेंडा खुडल्यावर जे वर होतं, तेच इथं जमिनीखाली होतं. खुडायचं काम तेवढं हवा करते.

परिणामी कुंडीत थोडी लांब, गोल फिरलेली मुळं राहण्याऐवजी भरपूर बारीक, सगळीकडे पसरलेली मुळं तयार होतात. पाणी आणि अन्न शोषायचं काम हीच बारीक मुळं करतात.

हा शोध झाडांसाठीचा

१९७० च्या आसपास अमेरिकेतले फलोत्पादनतज्ज्ञ कार्ल व्हिटकोम्ब यांनी दुधाच्या कागदी खोक्यांचा तळ काढून त्यात झाडांची रोपं वाढवली. खोकी जाळीवर ठेवली. सोटमूळ खाली हवेत आलं, थांबलं आणि वर फाटे फुटले. पुढं याच कल्पनेवर वेगवेगळ्या कंपन्यांनी कुंड्या काढल्या. कापडी कुंडीही सुरुवातीला झाडांच्या रोपवाटिकांसाठीच होती. गांजाच्या बाजारानं ती नंतर उचलली आणि जगभर पोहोचवली.

भारतात हे तंत्र वेगळ्या नावानं खूप आधी आलेलं आहे. वनखात्याच्या रोपवाटिकेत लोखंडी स्टँडवर अडकवलेले काळे, निमुळते कप पाहिले असतील. ते 'रूट ट्रेनर'. आतल्या उभ्या कडा मुळाला गोल फिरू देत नाहीत, खाली नेतात. खालच्या भोकातून मूळ हवेत आलं की थांबतं. देशातल्या वनखात्यांच्या रोपवाटिकांमध्ये १९९० च्या दशकापासून रूट ट्रेनर वापरले जात आहेत. रील्समध्ये नवलाई म्हणून दाखवली जाणारी गोष्ट सरकारी रोपवाटिकेत तीस वर्षं जुनी आहे.

साध्या कुंडीपेक्षा फरक किती?

इथं दावे आणि अभ्यास यांत अंतर पडतं. हवेनं छाटणी करणाऱ्या कुंड्यांत मुळांचे वेटोळे कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण रोपाची उंची, खोडाची जाडी किंवा उत्पन्न दर वेळी वाढतंच असं नाही. ते रोपाच्या जातीवर, मातीवर आणि पाण्यावर ठरतं.

फ्लोरिडा विद्यापीठातले एडवर्ड गिलमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लाल मेपलच्या झाडावर आठ प्रकारच्या कुंड्यांची तुलना प्रसिद्ध केली. कुंडीच्या प्रकारानं मुळांची रचना बदलते, हे त्यात दिसलं. पण रोप मोठ्या कुंडीत हलवताना मातीच्या गोळ्याच्या बाहेरची मुळं छाटून टाकली, तर साध्या कुंडीतही दोष कमी होतात, हेही त्यातून पुढं आलं. म्हणजे महागडी कुंडी जे काम करते, त्यातलं बरंचसं काम योग्य वेळी वापरलेली धारदार सुरी करते.

आता रोपाच्या आयुष्याचा विचार करा. टोमॅटो, मिरची, वांगी ही काही महिन्यांची रोपं. गांजाही एका हंगामातच संपणारी वनस्पती. मुळांनी वेटोळे घालून स्वतःचाच गळा आवळण्याएवढा वेळ अशा रोपांना मिळत नाही. त्यांना कापडी कुंडीचा फायदा होतो तो मुख्यतः पाण्याचा निचरा आणि मुळांना मिळणारी हवा यांचा. तो फायदा साध्या कुंडीला जास्त भोकं पाडून आणि माती भुसभुशीत ठेवूनही बराच मिळवता येतो.

उलट आंबा, संत्रा, कडुनिंब, सीताफळ ही झाडं कुंडीतून जमिनीत जातात आणि तिथं अनेक वर्षं राहतात. रोप असताना पडलेला वेटोळा जमिनीत गेल्यावर आपोआप सुटत नाही. तो झाडाबरोबर जाड होत जातो. वरून झाड काही वर्षं ठणठणीत दिसतं. मग एखाद्या वादळात मुळासकट आडवं होतं, किंवा कारण न कळता वाळायला लागतं.

लोहाऱ्याच्या उन्हात काय होईल?

परदेशी व्हिडिओत सहसा न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे पाणी. ज्या भिंतीतून हवा आत जाते, तिथूनच ओल बाहेर जाते. मे महिन्यात यवतमाळच्या कोरड्या वाऱ्यात कापडी कुंडी साध्या कुंडीपेक्षा खूप लवकर सुकते. लहान कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागू शकतं.

हा मुद्दा यवतमाळकरांसाठी किरकोळ नाही. निळोणा आणि चापडोह धरणांवर अवलंबून असलेल्या या शहरानं २०१८ च्या उन्हाळ्यात तीव्र पाणीटंचाई सोसली आहे. ज्या घरी पिण्याच्या पाण्याचा हिशोब ठेवावा लागतो, तिथं दिवसातून दोनदा पाणी मागणारी कुंडी परवडणारी नाही.

दुसरी बाजूही आहे. बाष्पीभवनामुळे कापडी कुंडी थंड राहते, माठासारखी. काळी प्लास्टिकची कुंडी मात्र तापते. कडक उन्हात अशा कुंडीच्या उन्हाकडच्या बाजूची माती ५० अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी अमेरिकेतल्या उष्ण भागांत झाल्या आहेत. ३८ ते ४० अंशांपुढे बहुतेक रोपांच्या मुळांची वाढ मंदावते. म्हणजे काळ्या कुंडीत रोप पाणी असूनही माना टाकू शकतं, कारण भिंतीजवळची मुळं भाजलेली असतात. जुनी मातीची कुंडी इथं बरी. ती थंड राहते, थोडी हवाही देते, पण वेटोळे टाळत नाही.

तिसरा मुद्दा मातीचा. इथली काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. एअर पॉटमध्ये नुसती काळी माती भरली तर ती कडेनं सुटते, पाणी फटीतून खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशा कुंडीला शेणखत किंवा कंपोस्ट, कोकोपीट, थोडी रेती आणि त्यात थोडीच माती असं हलकं मिश्रण लागतं. त्याचाही खर्च धरायला हवा.

'ग्रो बॅग' लिहिलं म्हणजे एअर प्रुनिंग नाही

ऑनलाइन खरेदीत इथं फसगत होते. भारतात 'ग्रो बॅग' नावानं मिळणाऱ्या हिरव्या किंवा केशरी पिशव्या बहुधा एचडीपीई प्लास्टिकच्या असतात. त्या टिकाऊ आणि स्वस्त असतात, पण भिंतीतून हवा जात नाही. तळाजवळच्या दोन-चार भोकांनी मुळांची छाटणी होत नाही. कामाच्या दृष्टीनं ती मऊ भिंतीची साधी कुंडीच आहे.

ओळखायची सोपी पद्धत: पिशवीत पाणी ओता. कापडाच्या भिंतीतून सगळीकडून ओल पाझरली तर ती हवा खेळणारी पिशवी. फक्त भोकातून धार आली तर नाही.

खरा प्रश्न रोपवाटिकांचा

महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची प्रचंड मोहीम राबवली गेली. उद्दिष्ट २ कोटींपासून सुरू होऊन २०१९ मध्ये ३३ कोटींपर्यंत गेलं. यातली किती झाडं जगली, यावरून पुढं वाद झाला. २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळ सदस्यांची समिती नेमण्याची घोषणा झाली.

या वादात खड्डे किती खोदले, रोपं किती लावली, फोटो कुठं आहेत हे विचारलं गेलं. रोप आलं त्या पिशवीत मुळं कशी होती, हा प्रश्न चर्चेत फारसा आला नाही. रोपवाटिकेतली काळी पॉलिबॅग ही मुळं वेटोळी करणारी बंद कुंडीच आहे. रोप तिच्यात जेवढं जास्त थांबेल तेवढा वेटोळा घट्ट. पावसाळा हुकला म्हणून पुढच्या वर्षासाठी ठेवलेलं रोप उंच आणि देखणं दिसतं, पण पिशवीच्या तळाशी त्याचं सोटमूळ गुंडाळलेलं असू शकतं.

सागाच्या बाबतीत मजेशीर गोष्ट आहे. साग पूर्वीपासून 'स्टंप' पद्धतीनं लावला जातो. वाफ्यातलं रोप उपटून खोड आणि मूळ दोन्ही छाटतात आणि उरलेला कांडीसारखा भाग लावतात. त्यात वेटोळ्याचा प्रश्नच राहत नाही.

संत्र्यात मात्र रोपाची मुळं हा थेट पैशांचा प्रश्न आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं शेंदूरजनाघाट संत्र्याच्या पन्हेरीसाठी प्रसिद्ध आहे. तिथं कलमा पूर्वापार जमिनीतल्या वाफ्यात वाढवतात आणि उपटून विकतात. त्या मातीत फायटोप्थोरा बुरशी असेल तर मूळकूज आणि डिंक्या रोग कलमेबरोबरच नव्या बागेत जातो. म्हणून नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था निर्जंतुक केलेल्या मातीत, जमिनीपासून वेगळ्या ठेवलेल्या ट्रे-पिशव्यांमध्ये कलमा तयार करायची शिफारस करते. यात रोगाचा धोका कमी होतो. पण पिशवी आली की वेटोळ्याचा धोका येतो, त्यामुळे कलम वेळेत लावणं आलंच. संत्र्याला फळ धरायला काही वर्षं लागतात. मुळांतला दोष तेव्हा उघड झाला तर शेतकऱ्याची तेवढी वर्षं आणि तेवढा खर्च वाया जातो.

उद्या हेम्पच्या शेतीला परवानगी मिळाली तर?

हा प्रश्न शेतकऱ्यांमध्येही विचारला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावायची परवानगीच मागितली होती. कोणत्याही शेतमालाला नक्की भाव मिळत नाही, हे त्यानं दिलेलं कारण होतं. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा प्रकार ठरवला, पण कारण मात्र यवतमाळच्या कापूस उत्पादकालाही ओळखीचं वाटेल.

कायद्यात वाट आहे. कलम १४ नुसार धागा, बिया किंवा फलोत्पादनासाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडनं २०१८ मध्ये अशी परवानगी द्यायला सुरुवात केली. नशा आणणारं टीएचसी हे रसायन ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असलं पाहिजे, ही तिथली अट आहे. हिमाचल प्रदेशानं जानेवारी २०२५ मध्ये कृषी विद्यापीठांमार्फत पथदर्शी अभ्यासाला मंजुरी दिली.

पण धाग्याचं हेम्प कुंडीत लावत नाहीत. ते अंबाडीसारखं शेतात दाट पेरतात. तिथं प्रश्न असतो कमी टीएचसीच्या बियाण्याचा, तपासणीचा आणि खरेदीदाराचा. म्हणजे परवानगी आली तरी एअर पॉटचा व्हिडिओ यवतमाळच्या शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही.

मग काय घ्यायचं, काय तपासायचं?

- गच्चीवर भाजी लावायची असेल तर मातीची किंवा फिक्या रंगाची, भरपूर भोकांची साधी कुंडी पुरेशी आहे. कापडी कुंडी पावसाळ्यात आणि हिवाळ्यात उत्तम. उन्हाळ्यात ती सावलीत ठेवा, वर पालापाचोळ्याचं आच्छादन करा आणि पाणी पुरेल का ते आधी बघा.
- झाड वर्षानुवर्षं कुंडीतच ठेवायचं असेल, म्हणजे लिंबू, डाळिंब किंवा अंजीर, तर हवा खेळणारी कुंडी पैसे वसूल करू शकते. नाहीतर दर दोन-तीन वर्षांनी रोप काढून बाहेरची मुळं छाटा आणि नवी माती भरा.
- रोपवाटिकेतून झाड घेताना उंची पाहून भुलू नका. एखादं रोप पिशवीतून काढून दाखवायला सांगा. मुळं गोल फिरलेली आणि जाड झालेली असतील तर दुसरं रोप घ्या.
- लावताना पिशवी उभी चिरून पूर्ण काढा. वेटोळा असेल तर गोळ्याच्या बाजूनं तीन-चार उभ्या चिरा द्या आणि तळाची गुंडाळलेली मुळं कापा. मुळं कापल्यानं रोप मरेल अशी भीती वाटते, पण न कापलेला वेटोळा जास्त महाग पडतो. हे काम पावसाळ्यात करा.

येत्या पावसाळ्यात लोहाऱ्यात एखादं कडुनिंबाचं रोप लावणाऱ्याला महागड्या एअर पॉटची गरज नाही. एक ब्लेड आणि पिशवी फाडून मुळं बघायची सवय पुरेशी आहे.